शाकारणी, झडी आणि शेगडी
घाटमाथ्यावरच्या घरांची ऊब-गारवा सांभाळणाऱ्या हातांचा शोध

घाटमाथ्यावरच्या घरांचा इतिहास लिहायचा म्हटले की आपल्याकडे गडकोट, राजवाडे आणि साहेबांचे बंगले एवढेच पुढे येते. ते कोणी बांधले, केव्हा बांधले, खर्च किती आला, याचे कागद असतात. पण तेच घर आषाढात कोरडे कोण ठेवत होते, पौषात त्यात ऊब कोण आणत होते आणि चैत्रात ते गार कोण राखत होते, हे विचारले की कागद गप्प होतात. १८८५ चे सातारा गॅझेटियर आणि १८८६ चे कोल्हापूर गॅझेटियर घेऊन बसलात, तरी या विषयावर वेगळे प्रकरण मिळत नाही. जातींच्या वर्णनात थोडे, बाजारपेठांच्या वर्णनात थोडे आणि घरांच्या वर्णनात थोडे, असे वेचून गोळा करावे लागते.

प्रश्न मात्र शिळा झालेला नाही. पन्हाळा, आंबा, गगनबावडा, महाबळेश्वर इथे गेल्या काही वर्षांत ज्यांनी घरे बांधली, त्यांना पहिल्याच पावसाळ्यानंतर तो भेटतो. भिंतीला बुरशी, गादीला कुबट वास, हिवाळ्यात फरशीवर पाय ठेववत नाही, मे महिन्यात दुपारी स्लॅब तापलेला. मग हीटर, एसी, पंखे आणले जातात. ते बसवणारा माणूस मिळतो. दुरुस्त करणारा मिळत नाही. पन्हाळा कोल्हापूरपासून वीस किलोमीटर, म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. तरीही उत्तर ठरलेले असते : ‘वर अजून दोन-चार कामं जमली की येतो.’ मी कळंब्यात राहतो, शहराच्या कडेलाच. माझ्याकडेही माणूस तिसऱ्या फोननंतर येतो. वरच्यांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

पूर्वी हा माणूस शोधावा लागत नसे. तो गावातच असे आणि एकटा नसे. सहा-सात जातींच्या, सहा-सात कसबांच्या माणसांमध्ये हे काम वाटलेले होते. त्यांचा माग काढावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी हवेबद्दल. डोंगराळ हवामान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिमला-मसुरी येते. सह्याद्रीला ते माप लागू पडत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. तिथे थंडी असते, पण जीवघेणी नसते. तिथला खरा शत्रू पाऊस. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि आडवा. डोंगरमाथ्यावर दगड आहे तो जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवेत कडक होणारा, पण अंगभर भोके असलेला. दीड-दोन हात जाडीची जांभ्याची भिंत उन्हाळ्यात दुपारचा ताप आत पोहोचू देत नाही. रात्र होईपर्यंत तो भिंतीतच अडकून राहतो. पण तीच भिंत पावसाळ्यात पाणी पिऊन बसली की दिवाळीपर्यंत ते सोडत राहते. पाणी वाळताना उष्णता ओढून घेते. म्हणून ओल्या भिंतीचे घर बाहेरच्या हवेपेक्षाही गार वाटते. थोडक्यात, घाटमाथ्यावर हिवाळ्यातली ऊब पावसाळ्याच्या आधी मिळवावी लागते. जुन्या लोकांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांचे मोठे काम शेकोटीचे नव्हते, शाकारणीचे होते.

शाकारणी हा शब्द आज शहरातल्या मुलांना समजावून सांगावा लागतो. वैशाखात, वळीव सुरू होण्याच्या बेताला, छपरावरचे गवत किंवा कौले उतरवायची, कुजलेले आणि फुटलेले काढून टाकायचे, वासे-रिपा तपासायच्या, पालापाचोळा झाडायचा आणि पुन्हा सगळे एकावर एक चढवत बसवायचे. नळीची कौले गावचा कुंभार करी. दोन कौले उताणी, त्यांच्या सांध्यावर एक पालथे, अशी ती रचना. वजनाला हलकी, पण वानर एकदा छपरावरून पळाले की पाच-पंचवीस सरकलीच. पन्हाळ्यावर आणि महाबळेश्वरात वानरांची कमी नाही. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे खाचेत खाच बसणारे मंगलोरी कौल सर्वत्र पसरले. ते कारखान्यातून आले, तरी बसवायला आणि दरवर्षी चाळायला माणूस लागायचाच. पाय वाशावर पडला पाहिजे, कौलावर नाही. हे ज्याला डोळे मिटून कळते तो खरा शाकारणारा. असे हात आता फार थोडे उरले.

छपरानंतर भिंत. पश्चिमेकडून येणारा आडवा पाऊस भिंतीला लागू नये म्हणून तिच्यापुढे गवताच्या झडी उभ्या करतात. बांबूच्या किंवा कारवीच्या काठ्यांचा सांगाडा, त्यावर गवताचा जाड थर, वरून खाली उतरता. पाणी गवताच्या काडीवरून ओघळते आणि भिंत कोरडी राहते. झड आणि भिंत यांच्यामध्ये जी हवा अडकते ती ऊबही धरते. महाबळेश्वरात साहेबांनी बांधलेल्या दगडी बंगल्यांनाही या झडींवाचून गत्यंतर नव्हते. बंगला विलायती, पण पावसाळ्यात त्याच्या अंगावर इथलेच इरले. आता गवताऐवजी प्लॅस्टिकचे कागद बांधतात. ते स्वस्त पडतात, लवकर होतात. पण प्लॅस्टिक पाण्याला अडवते तसे भिंतीतल्या ओलीलाही अडवते. गवत श्वास घेई. शिवाय गवत कापणारा, बांधणारा आणि पावसाळ्यानंतर उतरवून नेणारा अशा तिघांच्या हाताला त्यात काम होते.

गवताच्या घरात विस्तव म्हणजे जिवाशी खेळ. शिवछत्रपतींचे राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या अर्थाच्या मजकुरासाठी ते नेहमी सांगितले जाते. पण त्याच पत्रात आगीची जी काळजी आहे तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. लोक गवताजवळ आगट्या पेटवतील, नको तिथे चुली मांडतील, तंबाखूसाठी विस्तव नेतील, दिवा तसाच ठेवून झोपतील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल, अशा एकेक शक्यता महाराजांनी त्यात मोजून दाखवल्या आहेत. मला त्यात लष्करी शिस्तीबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. ओलसर मुलखात माणूस उबेसाठी आगटी पेटवणारच, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. विस्तव बंद करा असे सांगून भागणार नव्हते. तो कुठे आणि कसा पेटवायचा, एवढेच सांगता येत होते.

घरात विस्तवाची ठरलेली जागा म्हणजे चूल. आपल्या जुन्या घरांना धुराडे नव्हते म्हणून साहेब नाके मुरडत. पण त्याच्या बंगल्यातल्या शेकोटीचा हिशोब पाहा. धुराड्याच्या शेकोटीतली बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला दारा-खिडक्यांच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. समोर बसलेल्याची नडगी भाजते आणि पाठ गारठते. आपल्याकडे चुलीचा धूर माळ्यावर चढे, तिथले धान्य, सरपण, बियाणे, मिरच्या सुकवी, वाशांना कीड लागू देत नसे आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडे. छप्पर आतून कोरडे राही. म्हणजे चूल हे अख्ख्या घराला वाळवणारे यंत्र होते. ते चालवायची किंमत मात्र बायकांच्या डोळ्यांनी आणि छातीने दिली. जुन्या घरांचे गोडवे गाणारे बहुतेक लेखक माजघरात बसलेले असतात, चुलीपुढे नव्हे, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

अंगावरच्या उबेचे कारागीर वेगळे. धनगराने मेंढरे राखायची, लोकर कातरायची. सनगराने घोंगडे विणायचे. त्याला चिंचोक्याची खळ देऊन ते असे ताठ करायचे की पावसात डोक्यावर खोळ घेतली तर पाणी अंगावर न येता घसरून जावे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात सनगरांची घरे गावोगाव होती. घोंगड्याचा गुण असा की ओले झाले तरी ते ऊब सोडत नाही. सुती कपड्याला हे जमत नाही. त्याखाली वाकळ. इतर ठिकाणी तिला गोधडी म्हणतात. आमच्याकडे ती वाकळच. आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांचे थर घालून टाक्यांनी शिवलेली. गादी-रजई असणाऱ्यांच्या दारी दिवाळीनंतर पिंजारी येई. त्याच्या धनुकलीच्या तातेचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येई. दबलेला कापूस पिंजला की त्यात पुन्हा हवा भरते आणि ऊब त्या हवेत असते, कापसात नव्हे. पिंजारी हा त्या काळचा हिवाळ्यापूर्वीची सर्व्हिसिंग करणारा माणूस होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आणि तांबट. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आजही त्या नावाने ओळखली जाते. तांबटाने घडवलेला पाणी तापवायचा बंब मला नेहमी कौतुकाची वस्तू वाटत आली आहे. मधोमध विस्तवाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राखेची जाळी. आग पाण्याच्या पोटात असल्याने उष्णता वाया जायला जागाच नाही. मूठभर शेण्या आणि चार ढलप्यांवर घरभराच्या अंघोळी. बंब चाळीस-पन्नास वर्षे चाले. झिजला, गळला तर तांबट डाग देई.

हे सगळे लोक मिळत कसे? त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुत्याची व्यवस्था तपशीलवार आली आहे. कुंभार, सुतार, लोहार हे बलुतेदार. सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे आणि वर्षभर गावाचे काम करायचे. तांबट, पिंजारी, सनगर हे बाजाराचे किंवा फिरस्ते. त्यांच्याशी व्यवहार रोखीचा नाहीतर धान्याचा. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. जातीने ठरलेले काम, देणाऱ्याच्या मर्जीवरचे माप आणि काम नाकारायची सोय नाही. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती. कौल ज्याने भाजले तोच ते बदलायला जवळ होता. वस्तू आणि तिची दुरुस्ती यांच्यात वीस किलोमीटरचा घाट नव्हता.

•

गारव्याची कथा जरा निराळी. तिथे पैसेवाल्याचे आणि गरिबाचे रस्ते फार लवकर वेगळे झाले.

गरिबाचा गारवा म्हणजे माठ, झाडाची सावली आणि सारवलेली जमीन. कुंभाराचा माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते, ही गोष्ट इतकी जवळची होती की तिचे पुण्यही ठरले : अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान, त्याबरोबर पंखा आणि वाळा. गारवा दान द्यायची वस्तू होती, हे आज थोडे नवलाचे वाटते.

राज्यकर्त्यांनी गारवा दगडात बांधून घेतला. पन्हाळ्याची अंधारबाव तीन मजली आहे. खाली पाणी, वर पहाऱ्याची आणि राहण्याची जागा. तिचा हेतू लष्करी, पण भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकले की काय मिळते हे ज्याने अनुभवले त्याला सांगायला नको. कड्याच्या टोकावरची सज्जा कोठी दरीतून चढणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर उभी आहे. औरंगाबादच्या पाणचक्कीत तर हौदाखालीच दालन काढले आहे. डोक्यावर पाणी, खाली माणसे. दरबारी आबदारखान्यात पाणी गार करायला सोरा वापरत. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, ही युक्ती आईन-इ-अकबरीतही आली आहे.

इंग्रजांनी वाळ्याच्या ताट्या आणि पंखे हे इथलेच साहित्य मोठ्या प्रमाणावर वापरले. दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारणारा एक माणूस. छताला झुलता पंखा, त्याची दोरी ओढणारा दुसरा. ताटी कोरड्या वाऱ्यातच काम करते. म्हणूनच आजही वाळ्याचा किंवा गवताचा कूलर नागपूर-अकोल्याकडे राज्य करतो आणि कोल्हापुरात वळवाच्या दिवसांत नुसती दमट हवा फेकतो. दुकानदार हे सांगत नाही. आणि पंखेवाला? तो व्हरांड्यात, भिंतीपलीकडे, रात्रभर दोरी ओढत बसे. डुलकी लागली की आतून बूट यायचा. लाथेने, मारहाणीने मेलेल्या पंखेवाल्यांचे खटले आणि मारणाऱ्या गोऱ्यांना झालेले किरकोळ दंड हा एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांचा नेहमीचा विषय होता. आतला गारवा बाहेरच्या माणसाच्या घामातून काढला जात होता.

यावर गव्हर्नर सर जॉन माल्कमने दुसरा उपाय काढला. गारवा घरात आणण्याऐवजी घरच गारव्याकडे न्यायचे. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन महाबळेश्वरची जागा कंपनीकडे आली, बदल्यात खंडाळा गाव देण्यात आले आणि माल्कम पेठ वसली. उन्हाळ्यात सरकारचा अख्खा लवाजमा वर चढू लागला. तो चढला तो हमालांच्या, पालखीवाल्यांच्या खांद्यावरून. वरच्या भाज्या पिकवायला आणि वेताच्या टोपल्या विणायला चिनी कैदी होते; त्यांचा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. वेण्णा तलाव १८४२ चा, साताऱ्याच्याच आप्पासाहेब महाराजांनी बांधलेला. थंड हवेचे ठिकाण म्हणून जे नाव झाले, त्यामागे असे बरेच हात आहेत.

याच काळात मुंबईत बर्फ आला, तोही अमेरिकेतून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजाने कलकत्त्याला पाठवला. सुमारे १८० टन निघाला आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरच्या आसपास पोहोचला. पुढच्या वर्षी मुंबईची पाळी. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले, याची मुंबई समाचारने चेष्टा केली, असे सांगतात.

गंमत अशी की बर्फ आपल्या डोंगरावरही पडत होता, फक्त कोणी विकत नव्हते. दर डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे आपण पाहतो. त्या दिवशी वेधशाळेचे तापमान पाच-सहा अंश असते आणि लोक विचारतात, मग बर्फ कसा? वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडते आणि गवताचे पाते हवेपेक्षा कितीतरी अधिक थंड होते. जड, थंड हवा उतारावरून घरंगळत तलावाकाठच्या खोलगट जागेत साचते. अलाहाबादला नेमके हेच करून बर्फ बनवत : उघड्या मैदानात पेंढ्यावर पसरट मातीची भांडी, त्यांत बोटभर पाणी आणि पहाटे खरवडून घेतलेला पापुद्रा. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॅनी पार्क्सच्या प्रवासवर्णनात त्याची हकीकत आहे. घर बांधताना जागा निवडण्यासाठी ही माहिती आजही उपयोगी आहे. तलावाकाठची खोलगट जागा दिसायला सुंदर, पण हिवाळ्यात तिथले घर उतारावरच्या घरापेक्षा जास्त गारठते.

आमच्या कळंब्यालाही तलाव आहे. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून तो केला आणि त्याने कोल्हापूरला पिण्याचे पाणी पुरवले. पश्चिमेचा वारा त्या पाण्यावरून येई तोवर चैत्रातही संध्याकाळी अंगणात बाज टाकता येई. आता मध्ये इमारती आहेत आणि वाऱ्याकडे तोंड करून एसीचे बाहेरचे डबे.

•

एसीचा जन्म माणसासाठी झालेला नाही. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद आकसत-फुगत होता, रंगावर रंग बसत नव्हता. त्यासाठी विलिस कॅरियरने ते यंत्र आखले. म्हणजे मूळ काम ओल काढण्याचे, गारवा हा त्यातला वाटा. घाटमाथ्यावर राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. आपल्याकडे ते आधी करमणुकीच्या घरात आले. १९३३ ला उघडलेल्या मुंबईच्या रीगल चित्रपटगृहाची ती शान होती. मग १९४३ मध्ये ब्लू स्टार, १९५४ मध्ये व्होल्टास, १९५८ मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराने ऑइल इंजिने आणि सुटे भाग बनवता बनवता मिस्त्रींच्या पिढ्या घडवल्या. पुस्तक न वाचता यंत्र उघडणाऱ्या त्या हातांची ओळख शहराला अजून आहे. रेफ्रिजरेशनचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये शिकून निघालेली मुले त्याच परंपरेत शिरली. त्यांतल्या बहुतेकांचे गाव पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी असते. धंदा मात्र शहरात, कारण गिऱ्हाईक शहरात.

डोंगरावरच्या घराला यंत्र घ्यायचेच असेल तर गार आणि गरम दोन्ही करणारे घ्यावे, असे माझे मत झाले आहे. विजेची सळई असलेला हीटर एका युनिटची उष्णता एका युनिटपुरतीच देतो. दुहेरी एसी उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली गोळा करून आत आणतो. आपल्याकडच्या हिवाळ्यात एका युनिटला तीनच्या घरात उष्णता मिळू शकते. आणि पावसाळ्यात तोच ओल काढतो. पण त्याआधी छप्पर चाळून घ्यावे, पश्चिमेच्या भिंतीला झड बांधावी, स्लॅब असेल तर त्यावर कौले किंवा पत्रा हवेची फट ठेवून टाकावा. भिंत पाणी पीत असेल तर कितीही टनाचे यंत्र बसवा, ते भिंत वाळवत बसेल.

राहिला माणसाचा प्रश्न. कंपन्या ज्याला वार्षिक देखभाल करार म्हणतात तो म्हणजे रोखीतले बलुतेच. फरक इतकाच की कुंभार शाकारणीच्या वेळी न बोलावता येई. शहरातल्या करारातली मुख्य सर्व्हिसिंग मार्च महिन्यात असते, उन्हाळ्याच्या तोंडावर. पन्हाळ्यावर तेव्हा तिचा निम्मा उपयोग. वरच्या यंत्राला चार महिने बुरशी खाते, विजांच्या गडगडाटात त्याचे कार्ड जळते, वानरे वायर ओढतात. आंबा आणि पन्हाळ्याच्या काही बंगलेवाल्यांनी आता आपसांत ठरवून एकाच मुलाला आठ-दहा घरे दिली आहेत. तो जवळच्याच वाडीचा आहे, आयटीआय झालेला. दसरा झाला की दुचाकीवर पाण्याचा पंप बांधून तो चढतो, दोन दिवसांत सगळी यंत्रे धुतो आणि वडील त्याच्या मागे बसून येतात. ते कौले चाळतात.